सुलूआईची बाटली

५ ऑक्टोबर

बोईसरच्या कारखान्याचं ओळखपत्र काल परत करून आले. आमचा फर्मेंटेशन विभाग गुजरातेत हलला. ज्यांना जायचं ते गेले, मी नाही गेले. चिंचणीची चिकूची वाडी सोडून माझा नवरा धीरज येणार नाही आणि धीरजला सोडून मी जाणार नाही, तेव्हा प्रश्नच नव्हता. शिवाय बाबांना एकटं कोण ठेवणार?

बाबा म्हणजे माझे सासरे, दिनानाथ. होळीच्या आधी सुलूआई गेल्या. सगळी आळी माझ्या सासूबाईंना सुलूआई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायचे. तेव्हापासून बाबा ओटीवरच्या झोपाळ्यावर बसतात ते बसतातच. विचारलं तर "हो", "नको", "काय करायचं ते करा". वाडीचं सगळं आता नामदेव बघतो. तो पूर्वी बाबांच्या हाताखाली काम करायचा. धीरजने सगळ्यांना ताकीद दिली आहे, की बाबांना कुठलंही काम सांगायचं नाही, जन्मभर राबले, आता आराम करू दे. त्यांचं मन रमावं म्हणून तो दर महिन्याला काहीतरी आणतो. आधी भिंतभर टीव्ही आणला, मग पाय चेपणारं यंत्र. परवा पेढे आणले, ते मुंग्यांनी खाल्ले.

मला तर वाटतं बाबांचा माझ्यावरच राग आहे. माझ्यासारख्या मुरबे गावच्या कोळणीने वाडीत येऊन शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, कारखाना काढायचं म्हणावं, हे रुचलं नसेल. एक मात्र आहे. माझ्या स्वयंपाकाला ते कधी नाव ठेवत नाहीत. सुलूआई होत्या तेव्हा रोज मिठावरून जुंपायची. बाबा म्हणायचे मीठ कमी हाय, की त्या मिठाची बरणी त्यांच्यापुढे दाणकन आपटायच्या. मी वाढते ते मुकाट जेवतात. म्हणजे माझ्या हाताला चव आहे, एवढं तरी सिद्ध झालं.

तर ठरलं. चिकूचा शिरका करायचा. तडकलेले, पाखरांनी टोचलेले, फार पिकलेले चिकू व्यापारी बाजूला काढतो, तेच घ्यायचे. आधी यीस्ट साखरेची दारू करील, मग जिवाणू दारूचा शिरका करतील. मी फक्त दोघांची बडदास्त ठेवायची. आयुष्यभर तेच तर केलं.

९ ऑक्टोबर

फ्रिजच्या दारात मागे एक बाटली सापडली. बोर्नव्हिटाची जुनी. तळाला करडा गाळ, वर पाणी. सुलूआईंची! ताडी, गूळ आणि तांदळाचं पीठ घालून त्या हे विरजण राखायच्या. त्यावर फुगवलेले तांदळाचे पोळे आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी खाल्ले होते आणि त्या दिवसापासून सासू आवडायला लागली होती.

होळीच्या आधीपासून कुणी तिला हात लावला नव्हता. अन्नाचा कण नाही, गारठा. थेंबभर काचेवर घेतला, निळा रंग घातला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. (जुनाच आहे, पण माझा आहे.) या रंगाची गंमत अशी, की मेलेल्या पेशी तो पिऊन निळ्या होतात आणि जिवंत पेशी त्याला आत टिकू देत नाहीत. बहुतेक सगळं निळं होतं. पण मधेच, इकडे एक, तिकडे एक, स्वच्छ बिनरंगी गोळे.

मी चक्क ओरडले. एवढे महिने उपाशी, आणि जिवंत!

कोमट पेजेत गूळ घालून त्यात थोडा गाळ सोडला. संध्याकाळी फेस आला. धीरजला दाखवला तर म्हणतो, "आईचा वास येतो." मग कामावर उशीर होतो म्हणून घाईने निघून गेला. त्याची पाळी सुरू व्हायला अजून पुष्कळ वेळ होता.

१७ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई धीरजने अंगावर घेतली आणि फ्रिज घासून लख्ख केला. त्यात उरलेला गाळ ठेवलेली बोर्नव्हिटाची बाटलीही घासून लख्ख! "कुजलेलं काहीतरी होतं," म्हणाला. मी कपाळावर हात मारला, तेव्हा त्याला कळलं कशाची बाटली होती ते. बिचाऱ्याचा चेहरा बघवेना, म्हणून भांडले नाही.

आता सुलूआईंच्या हातचं जे काही जिवंत आहे ते माझ्या स्टीलच्या पातेल्यात आहे. जपायला हवं.

१२ नोव्हेंबर

आज तीन ड्रम भरले. नामदेव आणि मी सकाळपासून चिकू सोलत होतो, हाताला चीक बसून बोटं एकमेकांना चिकटली. पडवीतच मांडलेत ड्रम. पातेल्यातलं सगळं यीस्ट तिघांत वाटून टाकलं. कारखान्यात असते तर आधी दहा नळ्या भरून राखल्या असत्या. घरचं म्हटलं की माणूस ढिला पडतो. चांगला फेस आला की वरून काढून ठेवीन.

बाबा झोपाळ्यावरून बघत होते. मी म्हटलं, "बाबा, कसं वाटतं?" तर म्हणाले, "काय करायचं ते करा."

१४ नोव्हेंबर

बुडुक, बुडुक, बुडुक! झाकणावरच्या नळीतून वायू पाण्यात येतो त्याचा आवाज. तीन ड्रम तीन सुरांत. दिवसभर कामं सोडून ऐकत बसले. एवढ्याशा जिवाचं केवढं हे कर्तृत्व!

२० नोव्हेंबर

दोन दिवस कुजक्या अंड्यांचा वास सुटलाय. शेजारची शालू कुंपणावरून म्हणाली, "कंपनीवाल्यांनी परत ग्यास सोडलान वाटतं गं." मी म्हटलं, आणखी काय असणार. आमच्याकडे वास आला की खिडक्या लावायच्या, कंपन्यांना चार शिव्या घालायच्या आणि कामाला लागायचं, ही रीतच आहे. बोईसरला तर मी नाकाने वार ओळखायचे. तेव्हा खिडक्या लावल्या, पडवीला ताडपत्री बांधली, शिव्याही घातल्या.

बुडुक मात्र सावकाश झालंय. भूक लागली असेल म्हणून प्रत्येक ड्रमात साखर घातली.

२४ नोव्हेंबर

थांबलं. एकही बुडबुडा नाही. परत साखर घातली, ढवळलं, गोधडी गुंडाळली. काही उपयोग नाही. वासानेही डोकं उठलंय. आणि मी मूर्ख, वरचा फेस काढून ठेवायचा राहूनच गेला. उद्या उद्या करता फेसच बसला.

शिरका गेला तर गेला, चिकू झाडाला परत लागतील. पण सुलूआईंचं यीस्ट मी मारलं असेल तर? धीरजने अजाणता बाटली धुतली. मी शिकलेली बाई, मी तर जाणून सगळं ओतून बसले. त्याला अजून सांगितलेलं नाही. जेवताना त्याने बाबांना विचारलं, टीव्हीवर नवीन वाहिन्या लावून देऊ का. "नको," म्हणाले. आमच्या घरात सध्या सगळंच थांबलंय.

२६ नोव्हेंबर

आज माझी मलाच लाज वाटली आणि हसूही आलं.

दुपारी नामदेवने वाडीत पालापाचोळा पेटवला. दर्यावरून जोराचा वारा होता. धूर सरळ पूर्वेला, बोईसरच्या दिशेने निघाला होता. मी ओट्यावर उभी राहून बघत होते आणि नाकात वास कुजक्या अंड्यांचाच. वारा समुद्राचा, कारखाने त्याच्या दुसऱ्या अंगाला, मग वास येतो कुठून? पडवीत गेले, ताडपत्री बाजूला केली आणि ड्रमचं झाकण उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं.

वास आमचाच होता! आठवडाभर ज्यांना शिव्या घातल्या ते या वेळी मात्र निर्दोष निघाले. सवय झालेल्या नाकाला घरातलं कळेना. पुण्या-मुंबईचं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी ड्रम हुंगला असता.

आणि हा वास म्हणजे काय, हे मी नव्या पोरांना शिकवत आले. यीस्ट उपाशी आहे, त्याची ही हाक आहे. ही भूक साखरेची नव्हे, अमिनो आम्लांची. पेशीला वाढायला प्रथिनं लागतात, प्रथिनांना अमिनो आम्लं. चिकूत साखर रग्गड, पण बाकी खडखडाट. पेशी बिचारी गंधक आणून ठेवते अमिनो आम्ल घडवायला, पण तो ज्यात बसवायचा तो सांगाडाच करायला काही नसतं. मग गंधक वायू होऊन उडून जातो. आणि मी काय केलं? साखर घातली. पुन्हा साखर घातली.

थेंब काचेवर घेतला, निळा रंग घातला. बघायचं धाडस होईना. मग बघितलं. जवळजवळ सगळ्या बिनरंगी! निळ्या थोड्याच. मेलेल्या नव्हत्या, थांबल्या होत्या.

आता थोडं लिहितेच, कारण हे आठवलं की माझं मन भरून येतं. पेशीला कसं कळतं की अमुक आम्ल संपलं? तिला डोळे नाहीत, मेंदू नाही. तिच्यात अमिनो आम्लं वाहून आणणारे चिमुकले रेणू असतात. माझी आई जमना पाटी घेऊन मुरब्याच्या किनाऱ्यावर जायची तसे. मासळी असली की पाट्या भरून येतात. नसली की बायका रिकाम्या पाट्या घेऊन परत फिरतात, आणि त्या बघितल्या की गावाला वेगळं सांगावं लागत नाही. पेशीतही एक राखणदार प्रथिन आहे, ते रिकाम्या पाटीलाच धरतं. भरलेल्यांकडे बघतही नाही. रिकामी पाटी हाती लागली की ते जागं होतं आणि प्रथिनं बनवायची कामं बहुतेक थांबवतं. उगाच धावपळ नको, आहे ते पुरवा.

आणि खरी करामत पुढेच आहे. सगळं मंदावलं की त्याच वेळी एक हुकूम मात्र जोरात वाचला जातो. तो आधीपासून लिहून ठेवलेलाच असतो. पण त्याच्या आधी काही फसव्या ओळी असतात. सुकाळात वाचणारी यंत्रं त्या ओळींवरच अडकतात आणि गळून पडतात, हुकमापर्यंत पोचतच नाहीत. दुष्काळात तीच यंत्रं वाचायला सावकाश तयार होतात, म्हणून फसव्या ओळी ओलांडून पुढे जातात आणि खऱ्या हुकमाला भिडतात. हुकूम असा, की जे मिळत नाही ते आता घरीच करायला घ्या. शेकडो जनुकं एकदम कामाला लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर पेशी स्वतःचेच जुनेपुराणे भाग मोडून त्यातलं कामाचं काढून घेते. पण आक्रस्ताळेपणा नाही. गप्प राहते, आतल्या आत जुळवाजुळव करते आणि वाट बघते. थोडंसं जरी मिळालं, नेमकं हवं ते, तर पुन्हा उठते.

एवढ्याशा जिवाला हे कुणी शिकवलं? मला तर नमस्कार करावासा वाटतो.

उद्या त्यांना खायला घालायचं. काय, तेही ठरलंय. त्यावर उद्याच लिहीन, आत्ता हिंमत नाही.

२७ नोव्हेंबर

उपाशी यीस्टला सगळ्यात चांगलं खाणं म्हणजे यीस्टच. तळाचा गाळ काढायचा, निम्मा राखायचा, निम्मा उकळायचा. मेलेल्या पेशी फुटतात, त्यांच्यातली अमिनो आम्लं बाहेर येतात आणि जिवंतांना मिळतात. बाजारचं पाकीट आणता आलं असतं, पण सुलूआईंच्या विरजणात बाजारचं यीस्ट कशाला घालायचं?

गाळ काढून दोन पातेल्यांत केला. एक राखायचं, एक चुलीवर. आणि माझा हात पुढे होईना. काल रात्रभर जे जिवंत आहे म्हणून देवाचे आभार मानले, त्यातलं निम्मं आज उकळायचं! धीरज कामावर. नामदेव म्हणाला, "माज्याच्यान नाय होनार वयनी, म्हातारीचं हाय." म्हणून धीरजची ताकीद मोडली आणि ओटीवर गेले. मनात म्हटलं, फार तर "काय करायचं ते करा" म्हणतील.

"बाबा, एक काम होतं. मला जमत नाहीये. तुम्ही कराल?"

त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "काय काम?"

त्यांना पडवीत आणलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. खूप वेळ वाकून बघत होते.

"हे सुलूचं हाय?"

"हो. त्यांच्या बाटलीतलं."

"मेलंय?"

"नाही बाबा. थांबलंय. उपाशी आहे."

"साखर तं घालतेस की रोज. मी बगतो."

"साखरेने काय होतं? साखर कितीही ओता, त्यावर जीव नुसता तगून राहतो. अंग धरायला, कामाला लागायला दुसरंच काहीतरी लागतं. थोडंसंच लागतं, पण तेच नसलं तर बाकी असून नसल्यासारखं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मेलं. पण आत सगळं शाबूत असतं."

बाबांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. असं मन लावून शास्त्र ऐकणारा माणूस मी कारखान्यातही पाहिला नाही. त्यांना यीस्टमध्ये इतका रस असेल असं कधी वाटलं नव्हतं. आधीच सांगायला हवं होतं.

मग मी उकळायचं सांगितलं. निम्मं मेल्याशिवाय निम्मं जगणार नाही, असं. ते पातेल्याकडे बघून म्हणाले, "तिचं ताट नेमी शेवटी. आमाला सगल्यांना वाडून उरलं तं जेवायची. नाय उरलं तं पानी पिऊन उटायची, आनि कुनाला कलू नाय द्यायची." आणि स्वतः पातेलं उचलून चुलीवर ठेवलं. मी डोळे पुसत होते, ते उलथण्याने सावकाश ढवळत होते. उकळी आल्यावर म्हणाले, "जा, सुलू." फक्त एवढंच.

गार झाल्यावर तिन्ही ड्रमांत त्यांनीच ओतलं. नामदेवने झाकण वेडंवाकडं बसवलं तर त्याच्यावर खेकसले, "डोलं हायेत का नाय तुला?" मला नामदेवची दया आली. पण तो येडा हसत होता.

धीरजला संध्याकाळी सगळं सांगितलं. त्याला न विचारता बाबांना कामाला लावलं म्हणून रागावेल असं वाटलं होतं. नुसता ऐकत राहिला.

२९ नोव्हेंबर

सकाळी चहा घेऊन ओटीवर गेले तर झोपाळा रिकामा. बाबा पडवीत ड्रमांपुढे पाटावर बसले होते. बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं.

बुडुक.

बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्या ड्रमातून, बुडुक.

"उटली," बाबा म्हणाले.

मी तिथेच फतकल मारून रडले. चहा सांडला. पहाटेपासून ते तिथे बसले असावेत, पाय दुखले असतील. धीरजला सांगून पाय चेपायचं यंत्र तिकडे लावून द्यायला हवं.

२ डिसेंबर

तिन्ही ड्रम जोरात. वास गेला. शालू म्हणाली, "कंपनीवाले सुदरले गं!" मी काही बोलले नाही. गावाचा एवढा एक गैरसमज मी का मोडावा?

दहा नळ्या भरून राखल्या. दोन शालूच्या फ्रिजमध्ये, दोन मुरब्याला आईकडे, बाकी इथे. प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, धीरज, हात लावू नको.

बाबा हल्ली वाडीत जातात. नामदेव कुरकुरतो, म्हणतो, चिकू काढायचा झेला कसा धरायचा ते पन मला नव्यानं शिकवतात. धीरजला म्हटलं, त्यांना घरी बसव, आराम हवा. तर म्हणाला, "असू दे गं."

७ डिसेंबर

राखलेल्या यीस्टवर आज पोळे केले. सुलूआईंसारखे फुगले, जाळी तशीच पडली. सोबत बोंबलांचं कालवण. धीरजला सुट्टी, म्हणून तिघेही एकत्र बसलो. मी कौतुकाची वाट बघत होते. शास्त्र माझं, घाम माझा, पोळे माझे.

बाबांनी पहिला घास घेतला, चावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"मीठ कमी हाय."

मला इतका राग आला! होळीपासून कधी अवाक्षर काढलं नाही आणि आज, एवढं सगळं केल्यावर, मीठ कमी हाय! उठले, फळीवरची बरणी काढली आणि त्यांच्यापुढे दाणकन आपटली. आपटल्यावर जीभ चावली, सासऱ्यापुढे असं करतात का!

बाबांनी बरणी जवळ ओढली. मग म्हणाले, "तीपन आशीच आपटायची." चिमूटभर मीठ घेतलं आणि आणखी एक पोळा मागितला. त्यानंतर अजून एक.

धीरज मधेच ताटावरून उठला आणि मागच्या दारी नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिला. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाला तिखट लागलं. कालवणात तिखट मी घातलंच नव्हतं फारसं. मला वाईट वाटलं, म्हटलं, चुकलंच माझं, उद्यापासून मीठही नीट चाखूनच घालीन.

तो ओल्या तोंडाने तसाच उभा होता. म्हणाला, "नको. उद्यापण कमीच घाल."